बोरघाटातले बंद पडलेले स्थानक

प्रश्न : खंडाळ्याच्या अलीकडे पूर्वी गाडीची दिशा बदलत असे, असे पणजोबा सांगत. तिथे खरोखरच स्थानक होते का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पणजोबांची आठवण अगदी खरी आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा खंडाळ्याखालच्या डोंगरसोंडेवर गाडी वळवण्याइतकी जागाच नव्हती; म्हणून कर्जतकडून चढत आलेली गाडी सोंडेवरच्या स्थानकात थांबे, तिचे इंजीन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि तोवर शेवटी असलेला डबा इंजिनालगत येऊन गाडी उरलेला घाट चढू लागे. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा होता. १९२९ मध्ये मार्ग नव्या बोगद्यांतून वळवण्यात आला आणि हे स्थानक बंद झाले. या घाटाविषयी लिहिताना ॲलिस ट्रेडवेल यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कंत्राटदार असलेले त्यांचे पती सॉलोमन १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्या बाईंनी ते अवघड कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले आणि काम तडीस नेले.