पीक गेल्यावर प्रार्थना सुचत नसेल तर

सोयाबीन पाण्यात गेलं, आता प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत म्हणतोस. मग उसने घे. बायबलातलं १३ वं स्तोत्र काढ, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांतच 'कुठवर?' असं चारदा विचारलंय. देवाला जाब विचारला म्हणून विश्वास उडाला असं होत नाही. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ मोठ्यानं वाच. अंजीर फुललं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आपल्या मराठवाड्याचा पंचनामाच जणू! तरी तो परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. तुला आज ते जमणार नाही. राहू दे.

रविवार मात्र चुकवू नकोस. दानाच्या थैलीत टाकायला काही नाही म्हणून माणसं घरी बसतात, ती लाज धरू नको. 'काही पाप घडलं असेल' असं कुणी म्हणालंच, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय दाखव. जन्मांधाबद्दल येशूनं तेच खोडून काढलंय.

तलाठी येईल त्या दिवशी प्रार्थनासभा सोड, बांधावर उभा राहा. आणि रात्री मनात नको ते यायला लागलं, तर पाळकसाहेबांना खुशाल उठव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे, मराठीत बोलतात.