विषाणूचं वेष्टन आणि पेशीचं दार

प्रश्न : 19 वर्षांच्या मुलाला बी-पेशींचा ल्युकेमिया आहे. केमोनंतर आजार उलटला. आता कार-टी उपचार, म्हणजे त्याच्याच टी-पेशी बदलून परत देणं, सुचवलेत. त्यात एचआयव्हीपासून बनवलेला विषाणू वापरतात म्हणे! आणि तो थेट सलाईनमधून का देत नाहीत? – एक आई, लालबाग

उत्तर : वापरतात, पण त्यानं एचआयव्ही होत नाही. लेंटिव्हायरल वेक्टर हे त्या विषाणूचं रिकामं केलेलं खोकं असतं. स्वतःची प्रत काढायला लागणारी जनुकं त्यात भरतच नाहीत. आत असतो तो टी-पेशीला (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला) सीडी19, म्हणजे बी-पेशींवरची खूण, ओळखायला शिकवणारा मजकूर; त्यातून पेशीवर बनणाऱ्या रिसेप्टरला ‘कार’ म्हणतात.

सलाईनचं अडतं ते वेष्टनावर, म्हणजे या खोक्याच्या बाहेरच्या आवरणावर. बहुतेक वेक्टरवर व्हीएसव्ही-जी हे प्रथिन असतं, तेही गुरांच्या एका विषाणूचं. ते पेशीवरच्या एलडीएल रिसेप्टरला (कोलेस्टेरॉल आत घेणाऱ्या दाराला) चिकटतं आणि हा रिसेप्टर अंगात जवळपास सगळीकडे असतो. शिरेतून सोडलं तर भलत्याच पेशींत शिरेल. म्हणून अफेरेसिसच्या मशीनवर काही तास रक्त फिरवून टी-पेशी बाहेर काढतात. सुस्त टी-पेशीवर हा रिसेप्टर कमी असतो, त्यामुळे आधी तिला चेतवावं लागतं.

बाहेरही हे वेष्टन पेशी निवडत नाही. 2018 साली नोंदलेल्या एका रुग्णात टी-पेशींच्या पिशवीत चुकून आलेल्या एकाच ल्युकेमिया पेशीला कार मिळाला. त्यानं तिचा स्वतःचाच सीडी19 झाकला, टी-पेशींना ती दिसेना, आणि आजार परतला. असं क्वचितच होतं, पण टी-पेशी वेगळ्या करण्याची पायरी किती नाजूक आहे ते यातून कळतं. फक्त टी-पेशीच धरणाऱ्या नव्या वेष्टनांच्या चाचण्या चालू आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेला, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झालेला नेक्सकार19 हा कार-टी उपचार मात्र पेशी बाहेर काढूनच करतात.

तुमच्या हातात काय? अफेरेसिसआधी स्टेरॉईड कधी थांबवायचं, ते डॉक्टरांना आत्ताच विचारा. स्टेरॉईडनं टी-पेशी मरतात. लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) कमी भरले तर उपचार बनवायला माल पुरत नाही. पेशी परत दिल्यावर चारेक आठवडे हॉस्पिटलजवळच राहा. ताप 38 अंशांवर गेला, बोलणं अडखळलं किंवा अक्षर बिघडलं, तर क्रोसिन देऊन वाट पाहू नका, लगेच निघा.

एक गोष्ट फाईलवर ठळक लिहून ठेवा. पुढे कधी एचआयव्हीची पीसीआर (विषाणूचा जनुकीय मजकूर शोधणारी) तपासणी झाली, तर वेक्टरच्या तुकड्यांमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लॅबला आधीच सांगा.