वाचकांचे प्रश्न : हॉलिवूडचा जुना नट जेम्स स्टुअर्ट बघायला घ्यायचा तर कुठून?

प्रश्न : ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आवडला. पण स्टुअर्ट सगळीकडे असाच अडखळत बोलणारा सालस माणूस असतो का? मग बाकीचे सिनेमे कशाला बघायचे?

अडखळणं सगळीकडे आहे, सालसपणा नाही. खरं तर या सिनेमातला (१९४६) जॉर्ज बेलीही आपल्या आठवणीत राहतो तितका सालस नाही. फोनचा प्रसंग पुन्हा लावा. जॉर्ज आणि मेरी एकाच रिसीव्हरला कान लावून उभे आहेत, पलीकडून मित्र प्लॅस्टिकच्या धंद्याच्या गप्पा मारतोय. जॉर्जचं त्याच्याकडे लक्ष नाही, सगळं लक्ष मेरीकडे. मग रिसीव्हर गळून पडतो, तो तिचे दंड धरून तिला गदागदा हलवतो, मला लग्नच करायचं नाही असं ओरडतो आणि दुसऱ्या क्षणी तिला मिठीत घेतो. प्रेमाच्या आधी राग येतो, हे लक्षात घ्या. पुढे आठ हजार डॉलर गहाळ झाल्यावर हाच माणूस पोरांवर खेकसतो, शाळेच्या बाईंना फोनवर वाट्टेल ते बोलतो, घरात मांडलेला पुलाचा नमुना लाथेने उडवतो.

दिग्दर्शक अँथनी मॅनने हा राग बरोब्बर हेरला. त्याच्या ‘विंचेस्टर ’७३’मध्ये (१९५०) स्टुअर्ट दारूच्या गुत्त्यात खलनायक झालेल्या डॅन ड्युरियाचा हात पिरगाळून त्याचं तोंड बारवर दाबतो, तेव्हा त्याचे डोळे बघा. ‘द नेकेड स्पर’मध्ये (१९५३) तर तो पाच हजार डॉलरच्या इनामासाठी प्रेत घोड्यावर लादायला निघतो आणि तिथेच ढसाढसा रडतो. त्या काळच्या वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉयपटाचा नायक असा रडत नसे. मॅनबरोबरचे त्याचे एकूण आठ सिनेमे, त्यातले पाच वेस्टर्न. आमच्या मते स्टुअर्टचं सर्वांत धाडसी काम या पाचांत आहे.

प्रश्न : सुरुवात ‘व्हर्टिगो’पासून केली आणि कंटाळा आला. चुकलं काय?

क्रम चुकला. ‘व्हर्टिगो’ (१९५८) चालतो तो स्टुअर्टवर आपला आधीच विश्वास बसलेला असतो म्हणून. भरवशाचा माणूस हळूहळू एका बाईचे कपडे, केस, चाल सगळं स्वतःच्या हट्टाप्रमाणे बदलायला लागतो, तेव्हा अंगावर काटा येतो. तो विश्वासच नसेल तर उरतो एक विचित्र मध्यमवयीन माणूस आणि लांबलचक मोटारप्रवास.

आधी ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०, ९९ मिनिटं) घ्या. गोष्ट बुडापेस्टमधल्या दुकानाची, स्टुअर्टची बोली मात्र अस्सल अमेरिकन. दहा मिनिटांत ते खटकेनासं होतं. त्यानंतर ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९, १२९ मिनिटं), मग ‘विंचेस्टर ’७३’ (९२ मिनिटं), मग ‘रिअर विंडो’ (१९५४, ११२ मिनिटं). ‘व्हर्टिगो’ (१२८ मिनिटं) पाचवा. ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) १६० मिनिटांचा आहे, तो सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत. त्यातला त्याचा वकील वरून गावंढळ वाटतो, पण कोर्टातला त्याचा प्रत्येक संताप हिशेबी आहे. न्यायाधीशाच्या भूमिकेत जोसेफ वेल्च आहेत, सिनेटर मॅकार्थी आणि अमेरिकी लष्कर यांच्या वादाच्या १९५४च्या सुनावणीत लष्कराची बाजू मांडणारे खरेखुरे वकील.

प्रश्न : ‘रिअर विंडो’त तो सिनेमाभर खुर्चीत बसून असतो. त्यात अभिनय तो काय?

उलट तिथेच कस लागतो. उंच, लुकडा देह आणि ढांगा टाकत चालणं ही स्टुअर्टची हुकमी हत्यारं. पायाला प्लॅस्टर घालून दिग्दर्शक हिचकॉकने तीच काढून घेतली. आता तो खिडकीतून समोरच्या घरांत बघत बसतो. त्यासाठी पॅरामाउंटच्या स्टुडिओत एकतीस घरांचं अख्खं आवार उभारलं होतं. मांडणी साधी : आधी स्टुअर्ट बघतो, मग तो काय बघतो ते दिसतं, मग पुन्हा त्याचा चेहरा. तिसऱ्या तुकड्यात त्याने जरा जास्त केलं की प्रेक्षकाला विचार करायला जागा उरत नाही. काहीच केलं नाही तर साखळी तुटते. प्लॅस्टरच्या आत खाजवायला काठी घालतो तो क्षण बघा : चेहऱ्यावर आधी त्रास, मग स्वर्गसुख.

‘हार्वी’त (१९५०) याहून अवघड गाठ आहे, कारण तिथे बघायला काहीच नाही. स्टुअर्टच्या एलवुड डाउडचा मित्र म्हणजे अदृश्य ससा. संवादात त्याची उंची सहा फूट साडेतीन इंच; स्टुअर्ट स्वतः सहा फूट तीन. हिशेबाने नजर समोर जायला हवी. पण तो मान वर करूनच बोलतो आणि कॅमेराही शेजारी मोकळी जागा सोडतो. नजरेची ती उंची तो शेवटपर्यंत सांभाळतो. ती एकदा जरी घसरली असती तर ससा मेला असता.

प्रश्न : त्याने कधी खलनायक केला का?

रहस्यभंग होणार आहे. नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा. ‘आफ्टर द थिन मॅन’मध्ये (१९३६) खुनी तोच आहे. तेव्हा तो नवखा होता म्हणून हे खपलं. ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’मधला (१९५२) त्याचा विदूषक खलनायक नाही, पण पोलीस त्याच्या मागावर आहेत. सिनेमाभर तो तोंडावरचा रंग उतरवत नाही. त्याचं गुपित फोडतात ते सराईतपणे मलमपट्टी करणारे हात.

प्रश्न : ऑस्कर ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी (१९४०) का? ‘मिस्टर स्मिथ’ मोठं काम नाही का?

आहेच. आदल्या वर्षी हुकलेल्या बक्षिसाची ही भरपाई, असं तेव्हापासून बोललं जातं आणि ते आम्हाला पटतं. ‘स्मिथ’मधलं सिनेटपुढचं अखंड भाषण करताना आवाज खरोखर बसलेला वाटावा म्हणून डॉक्टरने त्याच्या घशात पाऱ्याच्या संयुगाचे थेंब सोडले होते. पारा विषारी, कोणी अनुकरण करू नये. तरी ‘फिलाडेल्फिया’तला दारूच्या नशेतला प्रसंग हलका समजू नका. त्यातली उचकी स्टुअर्टने ऐनवेळी घातली. समोरचा नट कॅरी ग्रँट तिथल्या तिथे माफी मागतो आणि हसू दाबायला खाली बघतो, तेही पडद्यावर तसंच राहिलंय.

प्रश्न : त्याची सपशेल फसलेली भूमिका?

‘द स्पिरिट ऑफ सेंट लुई’ (१९५७). वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्याची भूमिका करणारा स्टुअर्ट पन्नाशीकडे झुकलेला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर चालवलेल्या माणसाला विमानाचं काय शिकवायचं? पण कॉकपिटमध्ये तो एकटा, कॅमेरा सतत जवळ, आणि केस रंगवून मान तरुण होत नाही. ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) त्याचं वय आणखी वाढलेलं, तरी तिथे निभावतं. म्हातारा सिनेटर स्वतःच्या तरुणपणाची गोष्ट सांगतोय, आणि आठवणीत माणूस स्वतःला आजच्याच चेहऱ्याने बघतो, असं आपण चालवून घेतो.