आटपाडीकडं नवीन शेती धरणाऱ्यानं आधी विहीर मोजावी

भावा, नोकरी सोडून शेती धरलीस, चांगलं केलंस, पण पहिल्याच वर्षी ऊस लावू नको. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय हे खरं, पण ते कराडजवळ कृष्णेतनं मोटरींनी टप्प्याटप्प्यानं उचलून आणतात, म्हणजे नदीत पाणी पाहिजे, वीज पाहिजे, आणि आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, काय आपल्या पिकाची तहान बघून येत नाही. माझा ऊस एकदा एप्रिलमध्ये उभाच्या उभा वाळला, टँकर घालून पण वाचला नाही, अजून आठवलं की पोटात कालवतं.

तू मार्चमध्ये दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोज, दोन तास मोटर चालवून परत मोज, मग पाणी पहिल्या जागी यायला किती वेळ लागतो ते वहीत लिही आणि त्यावरच उन्हाळी पीक ठरव. बांध फुटले असतील तर मे मध्येच घालून घे, म्हणजे पावसाचं पाणी रानातच अडेल, एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास ४००० लिटर पाणी असतं रे! डाळिंबाला ठिबक आणि बुडात पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, पाहिजेच. ज्वारी सोडू नको, जनावरांना कडबा घरचा होतो.

बोअर मारायच्या आधी मला फोन कर, मी येतो बघायला.