पहिला पॅच पाठवताना

अरे, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला पाठवायच्या पहिल्याच पॅचमध्ये (म्हणजे कोडमधला बदल मांडणाऱ्या फाइलमध्ये) दोन बगची दुरुस्ती आणि वर स्पेसिंगची साफसफाई असं कोंबू नकोस. एक पॅच, एक बदल. तपासणाऱ्याला तुझी खिचडी निवडत बसायला वेळ कुठून? काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) दिसतंच, पॅचसोबतच्या संदेशात का बदललं ते लिही. लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पाठवणार असशील तर 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क तुला आहे अशी नावानिशी हमी, हवीच. बदल नोंदवणाऱ्या 'गिट कमिट' कमांडला छोटा एस (-s) लाव, ती आपोआप येते. (मोठा एस लावलास तर वेगळीच, डिजिटल सही!)

आणि टेस्ट चालवल्याशिवाय पाठवू नकोस. मी एकदा ठाणे-वाशी लोकलमधून घाईत पाठवला. ऐरोली यायच्या आत बिल्ड मोडल्याचा, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅमच तयार होत नसल्याचा, निरोप हजर. पॅचला उत्तरच आलं नाही, तर आठवडाभर थांबून मग आठवण कर.