चर्चचे पाळक (पास्टर) निवृत्त होताहेत आणि मंडळीचे सेक्रेटरी तुम्ही? आधी एवढंच बघा

दादा, नवा पाळक कोण हा विषय थोडा बाजूला ठेवा. पहिली घाई कागदांची.

धर्मादाय कार्यालयातून (जिथं ट्रस्टची नोंद असते) चर्चच्या ट्रस्टचा शेड्यूल-१ चा उतारा काढा, त्यात विश्वस्तांची नावं असतात. जुन्या पाळकसाहेबांचं नाव विश्वस्त म्हणून असेल, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत त्याच कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवायचा अर्ज, द्यावा लागतो. बहुतेक मंडळ्या इथंच चुकतात: निरोप समारंभ दणक्यात होतो, बदलाचा ठराव मात्र प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या वहीत, लिहिलेलाच नसतो. मग बँक सह्या बदलत नाही आणि वीजबिल अडकतं.

बाप्तिस्मा, लग्न, दफन ही रजिस्टरं, दागिने-भांडी, चाव्या यांची यादी करून दोन पंचांसमोर ताबा घ्या. जुनी रजिस्टरं पाळकांच्या घरी असतात, लाजू नका, मागा.

नव्या पाळकांना लग्न लावायचा कायदेशीर अधिकार आहे का, ते तारीख देण्याआधी तपासा.

आणि जुन्या साहेबांशी स्पष्ट बोलून ठेवा. लग्न-मयतीला लोक त्यांनाच बोलावणार, तीस वर्षांची सवय असते. त्यांनी नव्या पाळकांच्या परवानगीनेच यावं. ट्रस्टची घटना (नियमावली) बदलायच्या भानगडीत एवढ्यात पडू नका.