आई बडोद्यात, भाऊ मुंबईत: डिमेन्शियासाठी केअर होम कसं निवडावं?

तुमचा प्रश्न असा: आईंना अल्झायमर आहे, दांडिया बाजारातल्या घरात आता निभत नाही, भाऊ मुंबईला असतो, तर तिथं चांगलं मेमरी केअर, म्हणजे डिमेन्शियाच्या पेशंटना ठेवून सांभाळणारं घर, कसं शोधायचं.

गेल्या काही दिवसांतच एकदम बिघडलं असेल तर थांबा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, सोडियम उतरणं किंवा पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त यांनीही असं होतं, आणि ते सुधारतं. लघवी, सोडियम, बी-१२, थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि डोक्याचा सीटी बडोद्यातच उरकून घ्या. झोप आणणारी सर्दीची गोळी (क्लोरफेनिरामिन) किंवा लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा; दोन्हींनी गोंधळ वाढतो.

पत्ते मिळवायला एआरडीएसआय या अल्झायमर संस्थेची मुंबई शाखा आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. बरेच वृद्धाश्रम आपलं आपण करणारी माणसंच घेतात, म्हणून फोनवरच ‘रात्री उठून दाराकडे जातात’ हे सांगून टाका. लपवून दाखल केलंत तर थोड्याच दिवसांत ‘घेऊन जा’ असा फोन येतो.

भावाला बघायला पाठवाल ते संध्याकाळी पाच ते सातमध्ये. अस्वस्थता तेव्हाच चढते. सकाळी अकराला सगळीच घरं छान दिसतात. रात्री दोन वाजता किती मावश्या जाग्या असतात, किती पेशंटमागे, हे विचारा. माझ्या लेखी बाग, टीव्ही, भिंतीवरची चित्रं यापेक्षा हा आकडा मोठा. मग विचारा, पेशंट आरडाओरडा करू लागला तर काय करता? ‘गोळी देतो’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोनसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी लागतात, पण कुणी लिहून दिल्या आणि बंद कधी करणार, हे कागदावर हवं. बांधून ठेवतात का, हेही न लाजता विचारा.

मुंबईचे म्हणून दोन प्रश्न वेगळे. दमट हवेत डायपरखाली जांघेत बुरशी लवकर धरते, तर डायपर किती तासांनी बदलतात? आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं तर अॅम्ब्युलन्स दारापर्यंत येते का? खोली वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही बघा.

भाषेकडे दुर्लक्ष नको. उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते. घरात मराठी, बाजारात गुजराती असा जन्म गेलेल्या बाईला फक्त हिंदी बोलणारी मावशी मिळाली, तर ‘संडासला जायचंय’ एवढं सांगणंही अवघड होतं. प्रत्येक पाळीत एक तरी मराठी समजणारी असावी.

करारात बघायचं: डायपर आणि औषधं फीमध्ये आहेत की वेगळी, डिपॉझिट कधी परत मिळतं, अंथरुणाला खिळल्यावर किंवा नाकातून नळी लागल्यावर ठेवतात का. शक्यतो आधी महिनाभरच ठेवून बघा.

पैशांचं आत्ताच करा. साधं मुखत्यारपत्र पुढे उपयोगी पडत नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. आईंना अजून कळतंय तोवर बँकखातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं जोडून घ्या. मृत्युपत्र करणार असाल तर त्याच सुमारास समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या.

नेताना दिवसाचीच गाडी. सोबत एका पानावर लिहून द्या: आंघोळ कधी, चहा किती गोड, कुणाला काय म्हणून हाक मारतात, कशाला घाबरतात.